ट्रान्झिस्टर-वर्धकाची जुळणी व तपासणी

ट्रान्झिस्टरने आवाजाचा विद्युत्संकेत वाढविता येतो, हे बार्डीन व ब्रॅटन यांनी १९४७ साली दाखविले. बीसी ५४७ घेऊन हा प्रयोग शाळेतही साधतो. बॅटरी ९ व्होल्टची घ्यावी. आधारापासून धनाग्राकडे ४७ व ऋणाग्राकडे १० किलोओहमचा रोधक जोडावा, संग्राहक ४.७ किलोओहममधून धनाग्रास, उत्सर्जक १ किलोओहममधून ऋणाग्रास जोडावा.

मंडल मुके राहिले की ट्रान्झिस्टर जळाला असे ठरवून तो फेकला जातो. बिचारा बहुधा निर्दोष असतो. तारांची अदलाबदल झालेली असते. म्हणून संकेत देण्यापूर्वी ऋणाग्रापासून दाब मोजावा. आधारावर सुमारे १.६, उत्सर्जकावर ०.९ व संग्राहकावर ४.६ व्होल्ट आढळावेत. संग्राहकावर पूर्ण ९ व्होल्ट दिसल्यास त्यातून प्रवाह वाहत नाही, असे समजून जोड पुन्हा तपासावेत. आकडे जुळल्यावरच धारित्रामार्फत आधारास संकेत द्यावा. तो सुमारे साडेचार पट वाढून संग्राहकावर मिळतो.