विश्लेषण : दोरीने बांधून घेणारी व्यक्ती खरेच निष्क्रिय असते? काय असते ‘रोप बॉटम’ची भूमिका? कायदा काय सांगतो?

‘शिबारी’ या जपानी नावाने दोरीने कलात्मक पद्धतीने बांधलेल्या शरीरांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर आता सहज दिसतात. भारतातील महानगरांतही या प्रकाराविषयी कुतूहल असणाऱ्या प्रौढांचे छोटे गट तयार झाले आहेत. कौतुक बहुतेक वेळा बांधणाऱ्याच्या कौशल्याचे होते. पण चूक झाली तर हात लुळा पडतो तो बांधून घेणाऱ्याचा. त्यामुळे या भूमिकेत येणाऱ्याला काय माहीत असायला हवे, याचा हा आढावा.

शिबारी नेमके काय आहे?

जपानी भाषेत ‘शिबारी’चा साधा अर्थ बांधणे. ‘किनबाकू’ म्हणजे घट्ट बांधणे. जपानमध्ये इडो काळात (१६०३ ते १८६८) कैद्यांना दोरीने जखडण्याचे ‘होजोजुत्सू’ नावाचे तंत्र होते. विसाव्या शतकात चित्रकार इतो सेइयू (१८८२-१९६१) यांच्या कामातून या बांधणीला कामुक कलेचे रूप मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मासिकांतून ते पसरले. यासाठी बहुधा तागाची, साधारण सहा मिलिमीटर जाडीची आणि सात-आठ मीटर लांबीची दोरी वापरतात. बांधणाऱ्याला ‘रिगर’ आणि बांधून घेणाऱ्याला ‘रोप बॉटम’ म्हणतात. ही भूमिका कोणत्याही लिंगाची व्यक्ती घेऊ शकते. कुणासाठी त्यात लैंगिक आकर्षण असते, तर कुणासाठी केवळ विश्वास, शांतता किंवा शारीरिक आव्हान.

हा आजार मानला जातो का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात प्रौढांमधील संमतीच्या अशा वर्तनाला मानसिक विकार मानलेले नाही. संमती नसलेल्या व्यक्तीवर केलेली बळजबरी मात्र विकारांच्या यादीत कायम आहे.

बांधून घेणाऱ्याचे काम काय?

बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता स्वस्थ बसलेला दिसतो. प्रत्यक्षात दोरीखाली काय चालले आहे, याची सर्वात आधी खबर त्यालाच लागते. रिगरला त्वचेचा रंग आणि हाताचा गारवा कळेल. मुंग्या येत आहेत की नाही, हे कळणार नाही. त्यामुळे जुने दुखणे, निखळलेला खांदा, मधुमेह, दमा, रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती आधी देणे, बांधणी सुरू असताना सतत कळवत राहणे आणि वेळीच थांबवणे हे त्याचे काम आहे. ‘समोरच्याचा विरस होईल’ म्हणून दुखणे दाबून ठेवणे ही नवख्यांची नेहमीची सवय असते आणि दुखापतीची सुरुवात अनेकदा तिथेच होते.

धोका नेमका कुठे आहे?

वजन तेवढेच राहून ते पेलणारे दोरीचे वेढे कमी झाले, तर त्वचेवरचा दाब वाढतो, हे साधे गणित आहे. दंडाच्या बाहेरच्या बाजूला हाडालगत ‘रेडियल नर्व्ह’ जाते. तिच्यावर दाब आला तर मनगट वर उचलता येत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली गेली तर पाऊल लुळे पडते. ही इजा काही वेळा अजिबात न दुखता होते. बरे व्हायला काही दिवस लागतात, कधी काही महिने. म्हणून अधूनमधून मनगट मागे वाकवून, बोटे फाकवून आणि अंगठा करंगळीला टेकवून पाहावा. मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवला की दोरी लगेच सोडवायची. शरीर हवेत टांगण्याचा प्रकार सर्वाधिक जोखमीचा असून नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मानेभोवती दोरी नको, बांधलेल्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडायचे नाही आणि दोरी झटकन कापणारी बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच.

संमती कशी ठरवतात?

काय चालेल, काय नाही, स्पर्श कुठे, कपडे किती, छायाचित्र घ्यायचे की नाही, हे सारे दोरी हातात घेण्याआधी बोलून ठरते. पुढे सिग्नलचे रंग वापरण्याची पद्धत आहे : हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे थांबा. बोलणे शक्य नसेल तर हातातली वस्तू खाली टाकणे ही खूण असते. बांधलेल्या अवस्थेत नव्या गोष्टीला मिळालेला होकार ग्राह्य धरू नये, कारण त्या वेळी नकार देणे अवघड असते. दिलेली संमती कोणत्याही क्षणी मागे घेता येते.

कायदा काय सांगतो?

भारतात या प्रकारासाठी वेगळा कायदा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार, १८ वर्षांवरील व्यक्तीची संमती असेल आणि कृत्यातून मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू अथवा तशी शक्यता असल्याची जाणीव नसेल, तर त्यातून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. पण कलम २८ नुसार भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, हे समोरच्याला ठाऊक असेल तर तिचा आधार घेता येत नाही. कलम ११६ मध्ये १५ दिवस दैनंदिन कामे करता न येणे हेही ‘गंभीर दुखापती’त मोडते. नसेची इजा ही मर्यादा सहज ओलांडू शकते. ‘सोड’ म्हटल्यावरही न सोडणे म्हणजे बेकायदा अडवणूक किंवा डांबून ठेवणे ठरू शकते.

स्थानिक समूह कसा शोधावा?

पहिली पायरी म्हणजे ‘मंच’. हा मराठी मंच नव्हे. इंग्रजीत चघळण्या-खाण्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे. कॅफेसारख्या सार्वजनिक ठिकाणी, रोजच्या कपड्यांत, केवळ गप्पांसाठी भरणारी ही बैठक असते. तिथे बांधणे वगैरे काही होत नाही. भारतात ‘द किंकी कलेक्टिव्ह’ हा गट अनेक वर्षांपासून संमती आणि जनजागृतीचे काम करतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत लोक खरे नाव न सांगताही अशा भेटींना येतात. घरी किंवा कार्यालयात कळण्याची भीती खरी असल्याने दुसऱ्याची ओळख न फोडणे हा तिथला पहिला नियम असतो.

याच गुप्ततेचा गैरफायदा घेणारेही असतात. ‘मी अनुभवी आहे, थेट घरी ये’ म्हणणारा, आधीच्या जोडीदारांशी बोलू न देणारा, सेफवर्डची थट्टा करणारा किंवा ‘खरा बॉटम नकार देत नाही’ असे सुनावणारा दिसला की दूर राहावे. याआधी कुणाला इजा झाली होती का आणि तेव्हा काय केले, हा प्रश्न रिगरला जरूर विचारावा. त्याच्या उत्तरातून बरेच कळते. पहिल्या भेटीत ठिकाण आणि परतण्याची वेळ विश्वासू मित्राला कळवावी. तक्रार आल्यावर आयोजक काय करतात, हेही आधीच विचारून घ्यावे.

काही चुकले तर?

मनगट किंवा पाऊल उचलता येत नसेल, तर रात्रभर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि नस दोरीने दाबली गेली, हे स्पष्ट सांगावे. कारण लपवल्यास निदानाला उशीर होतो. बळजबरी झाली असल्यास ११२ वर मदत मागता येते. आधी बांधून घेण्यास होकार दिला होता, एवढ्याने तक्रारीचा हक्क जात नाही. महिलेने छायाचित्र काढू दिले, पण ते इतरांना दाखवण्यास होकार दिला नसेल, तरी असे खासगी छायाचित्र पसरवणे न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई तर पीडित व्यक्तीच्या लिंगाचा भेद न करता, खासगी अवयवांचे छायाचित्र संमतीशिवाय काढणे आणि पसरवणे या दोन्ही गोष्टींना लागू होते. अशा वेळी संदेश, तारखा आणि स्क्रीनशॉट पुसून न टाकता जपून ठेवावेत.