गोचीड पायांवरून ओळखा

गटाच्या बैठकीत गायी-म्हशींचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "गोचीड ती गोचीड, तिच्यात काय ओळखायचं?" पण ओळखायला हवं. आपल्या भिवंडी तालुक्यात घर आणि गोठा यांच्यात बऱ्याचदा एकच भिंत असते.

सगळ्यात जास्त दिसते ती फुगल्यावर एरंडीच्या बीसारखी राखाडी होणारी गोचीड. तिचे पाय फिकट आणि तोंड आखूड. ही पिल्लापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. साधारण तीन आठवड्यांत मादी रक्त पिऊन खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. म्हणून गाय कितीही साफ केली तरी महिन्याभरात पुन्हा तेच! हिच्यामुळे जनावराला ताप येतो, लघवी लाल होते.

दुसरी हायलोमा. तिच्या तपकिरी पायांवर पांढुरके पट्टे असतात, अगदी हातभर बांगड्या भरल्यासारखे. तोंडही लांब. ही वाढताना जनावर सोडते, भिंतीच्या फटीत लपते आणि पुन्हा दुसऱ्यावर चढते. काही जातींची पिल्लं सशांवर, पक्ष्यांवरही वाढतात. संकरित गायीला हिच्यामुळे मोठा ताप येतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात.

माणसालाही हिचा धोका आहे. काँगो ताप हिच्यामुळे पसरतो. आपल्या देशात तो पहिल्यांदा जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत साणंदजवळ सापडला. रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात गेले. 2020 च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावध राहायला सांगितलं होतं. यात फसवं काय, तर हा विषाणू अंगात असलेली गाय आजारी दिसत नाही.

कुत्र्यावरची तांबूस गोचीड वेगळी. ती घराच्या भिंतीवर चढताना दिसते.

आता सवयीचं बोलू. दूध काढता काढता गोचीड ओढून नखावर चिरडायची, हे आपण सगळ्याच करतो. ते आधी बंद करा. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालून, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि झाकणाच्या बाटलीत साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल, जळकं तेल जनावराला लावू नका. औषध पशुवैद्यकाला विचारूनच. किती दिवस दूध विकायचं नाही, तेही विचारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 आहे. गोठ्याच्या फटी मात्र आपणच लिंपायच्या, पेंढा भिंतीपासून लांब रचायचा.

गोचीड चावल्यावर ताप आला, तर दवाखान्यात ती चावल्याचं स्वतःहून सांगा.