नेचा खाणारा पतंग

पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याकडे जाताना दरडींवर नक्षीदार हिरवी पाने लोंबताना दिसतात. तो नेचा, कन्नडमध्ये जरीगिड. याला ना फूल, ना फळ, ना बी. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतून बीजाणू वाऱ्यावर उडतात आणि वंश वाढतो. फुलझाडांच्या मानाने नेचा खाणारे कीटक कमीच. त्यांपैकीच एका चिमुकल्या पतंगाकडे अमेरिकेने मदत मागितली.

निओम्युसोटिमा कॉन्स्परकॅटॅलिस हे त्याचे शास्त्रीय नाव. आशिया आणि ऑस्ट्रेलिया ही मायभूमी. त्याच्या अळ्या लायगोडियम या वेलीसारख्या नेच्यावर जगतात. गंमत म्हणजे, झाडावर चढणारी ती वेल म्हणजे प्रत्यक्षात एकच लांबलचक पान असते!

याच नेच्याची एक जात शोभेसाठी फ्लोरिडात गेली आणि बागेतून रानात शिरली. तिथे तिला खाणारे कोणी नव्हते. तिने झाडे पार झाकून टाकली. वणवा लागला की याच वाळक्या जाळीवरून आग शेंड्यापर्यंत चढते. एकटा बीजाणूही नवे बेट उभे करू शकतो. मग उपटणार तरी किती आणि औषध मारणार तरी किती?

शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला: मायभूमीत हिला आवरते कोण? 2004 पासून एका भाऊबंद पतंगाला सोडून पाहिले, पण तो टिकला नाही. 2008 मध्ये हा पतंग सोडला. तो इतर वनस्पती फस्त करणार नाही ना, याची आधी कसून तपासणी झाली होती. तो रुजला आणि नेच्याचे हिरवे पडदे ठिकठिकाणी तपकिरी पडले. अर्थात, नेचा पुन्हा फुटतो आणि कडाक्याच्या थंडीत अळ्या मरतात. त्यामुळे कापणी, फवारणी अजून सुटलेली नाही.

आपल्यालाही हे नवे नाही. काँग्रेस गवतासाठी 1984 मध्ये बंगळूर परिसरात मेक्सिकन भुंगेरे सोडले गेले. पावसाळ्यात बांधावर ते गवताची पाने कुरतडताना दिसतात. गवत संपले नाही, पण त्याला थोडा लगाम बसला.

म्हणून पानावर अळी दिसली की लगेच पंप उचलू नये. ती काय खाते आहे, हे आधी मुलांना सोबत घेऊन पाहावे. एखादे वेळी ती आपलेच काम करीत असेल.