रोशाचे तेल : रासायनिक घटक आणि जैविक गुण

पावसाळा सरता सरता सातपुड्याच्या उघड्या उतारांवर पुरुषभर उंचीचे एक गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पाते चुरगाळले की बोटांना गुलाबासारखा गंध लागतो. हाच रोशा. रोहिष आणि तिखाडी ही त्याचीच नावे. शाळेच्या वाटचालीवर या स्मरणिकेत इतर मान्यवर लिहितीलच. आम्ही मात्र या गवताचा विषय जाणीवपूर्वक घेतला आहे. हरएक दुखण्यावर हमखास उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांच्या बाटल्या दाखवून पालक आम्हांला नेहमी विचारतात, "गुरुजी, यात खरे किती?" या प्रश्नाला होय किंवा नाही एवढेच उत्तर देऊन भागत नाही. तेलात काय आहे, हे आधी पाहावे लागते.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, म्हणून आरंभ इतिहासापासून करतो. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये नंदुरबारच्या नोंदीत रोशाच्या तेलाचा उल्लेख संधिवातावरील नावाजलेले औषध म्हणून आला आहे. खानदेशातील हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई. तेथे ते महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' असे नाव पडले. वास्तविक ते तुर्कस्तानचेही नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते! वनस्पतीचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. यातील 'मार्टिनी' हा शब्द लखनौला स्थायिक झालेल्या क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीवरून आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या वेळी दख्खनच्या घाटमाथ्यावर गुरे हे गवत हावरेपणाने खाताना त्याने पाहिली आणि बी लखनौला नेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे गवत कापले आणि भट्ट्या पेटवल्या, त्यांना या नावात जागा मिळाली नाही.

गुलाबतेलातील भेसळ खपून का जाई, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. ऑस्कर जेकबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1871 मध्ये भारतातून गेलेल्या याच प्रकारच्या तेलातून एक घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो घटक म्हणजे जिरॅनिऑल. त्याच्या रेणूत कार्बनचे 10, हायड्रोजनचे 18 आणि ऑक्सिजनचा 1 अणू असतो. उत्तम रोशा तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण सामान्यतः 75 ते 90 टक्के असते. त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट येते. लिनॅलूल, कॅरिओफायलीन यांसारखे घटक थोडेच असतात. गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असते, म्हणून नाक फसते. मात्र गुलाबतेलात मेणासारखे पदार्थ असल्याने ते थंडीत गोठते, तसे रोशा तेल गोठत नाही. भेसळ करणारेही हुशार. ही उणीव झाकण्यासाठी ते व्हेल माशाच्या डोक्यातून मिळणारे मेण त्यात घालीत.

याहून विचारात पाडणारी गोष्ट पुढेच आहे. रोशाचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसायला दोन्ही इतके सारखे की नुसत्या डोळ्यांनी ते ओळखणे कठीण. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढतो, तर सोफियाला सखल, ओलसर जागा मानवते. गुलाबगंधी तेल मोतियाचे. सोफियाचे तेल 'जिंजरग्रास' या नावाने विकले जाते. त्यात जिरॅनिऑल कमी आणि इतर घटक अधिक, त्यामुळे गंध उग्र व दर कमी. म्हणजे गवताचे रूप आणि नाव यांवरून तेलाची पारख होत नाही. ती घटकांवरूनच करावी लागते. कापणीची वेळही महत्त्वाची. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट अधिक असते आणि फुलोरा पक्व होताना त्याचे जिरॅनिऑल बनत जाते.

तेल काढण्याची रीत ऊर्ध्वपातनाची. जिरॅनिऑलचा उत्कलनबिंदू सुमारे 230 अंश सेल्सिअस. तरीही पाण्याच्या वाफेसोबत ते 100 अंशांच्या आतच बाहेर पडते. वाफ थंड झाली की तेल पाण्यावर तरंगते. 100 किलो ओल्या गवतातून हाती येते ते जेमतेम अर्धा किलोच्या आसपास.

आता जैविक गुणांकडे वळू. जिरॅनिऑल पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात सहज मिसळते. सूक्ष्मजीवाच्या पेशीचे आवरण स्निग्ध असते. त्यात हा रेणू शिरला की आवरण सैल पडते आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपतात. प्रयोगशाळेत काही जिवाणूंवर, तसेच कॅन्डिडासारख्या बुरशींवर या तेलाचा परिणाम दिसला आहे, तो या कारणाने. सूत्रकृमींवरही तो आढळला आहे. डासांना हा गंध नकोसा असतो, हेही खरे. पण तेल उडून जाणारे असल्याने संरक्षण काही तासांपुरतेच. मच्छरदाणीची जागा ते घेऊ शकत नाही, हे वसतिगृहातील मुलांच्या पालकांना आम्ही आवर्जून सांगतो. संधिवातात ते चोळल्याने त्वचेला ऊब येते आणि काही वेळ बरे वाटते. सांध्याचा मूळ विकार त्याने जातो, असे कोणी म्हणत असेल तर पुरावा मागावा. काचपात्रातील बुरशी मरणे आणि माणसाचा रोग बरा होणे, यांत बरेच अंतर आहे.

शिवाय जो रेणू बुरशीला बाधतो, तो आपल्या त्वचेलाही बाधू शकतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार, सौंदर्यप्रसाधनात जिरॅनिऑल ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास वेष्टनावर त्याचे नाव छापावे लागते, कारण काहींना त्याची ॲलर्जी होते. म्हणून हे तेल निव्वळ स्वरूपात अंगाला लावू नये. चमचाभर खोबरेल तेलात एक-दोन थेंब पुरेत आणि तेही आधी मनगटावर लावून एक दिवस वाट पाहावी. पोटात घेऊ नये. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये. हवा लागून जुने झालेले तेल त्वचेला अधिक त्रासदायक ठरते, तेव्हा ते गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाखाली, उन्हापासून दूर ठेवावे.