जर्मन वाक्यात क्रियापदाची जागा

'मी चहा पितो' हे जर्मन माणूस 'इश ट्रिंके टे' असे म्हणतो. इश म्हणजे मी, ट्रिंके म्हणजे पितो आणि टे म्हणजे चहा. क्रियापद दुसऱ्या जागी. आता आरंभी 'आज' घाला. वाक्य होते 'हॉयटे ट्रिंके इश टे', म्हणजे 'आज पितो मी चहा'. क्रियापदाने जागा सोडली नाही, कर्त्यालाच मागे सरावे लागले. पण 'कारण' या शब्दामागून आले की तेच क्रियापद मुकाट्याने शेवटी जाऊन बसते : 'वाइल इश टे ट्रिंके', कारण मी चहा पितो. अगदी आपल्यासारखे, बघा!

परका माणूस हे शिकतो तरी कसे? पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी, १९६० साली स्पेनशी व १९६४ साली पोर्तुगालशी करार करून कामगार आणले. त्यातले पुष्कळजण कामावर ऐकून ऐकूनच जर्मन शिकले. १९७० नंतरच्या दशकात वुपरटाल येथे मायझेल, क्लासेन व पीनेमान या अभ्यासकांनी अशा लोकांचे बोलणे तपासले, तेव्हा मोठी गंमत दिसली. प्रत्येकाचा वेग निराळा, पण पायऱ्या त्याच.

प्रथम सरसकट कर्ता, क्रियापद, कर्म. मग 'हॉयटे' पुढे येते, बाकीचे जागचे हलत नाही : 'हॉयटे इश ट्रिंके टे'. व्याकरणाने हे चूकच. पण कालपर्यंत 'हॉयटे' पुढे घेता येत नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे. नंतर जोडक्रियापद फुटते. 'मी चहा प्यालो' याला जर्मनमध्ये 'इश हाबे टे गेट्रुंकन'. हाबे दुसरे, गेट्रुंकन शेवटी. त्यानंतर कर्ता मागे सरकू लागतो, आणि 'कारण'वाले वाक्य सर्वांत शेवटी साधते. तुर्की भाषेत मात्र क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी असते. त्यामुळे तुर्की माणसाची सुरुवातच पुष्कळदा क्रियापद शेवटी ठेवून होते.

शिक्षकबंधूंना यातला एक प्रयोग खास सांगावासा वाटतो. पीनेमान यांनी इटालियन शाळकरी मुलांना कर्ता मागे सारण्याचा धडा दिला. ही हकीकत १९८४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना जोडक्रियापद फोडता येत होते त्यांनी तो उचलला. जे मूल त्याच्या आधीच्या पायरीवर होते, त्याच्या सहज बोलण्यात तो धडा काही उतरला नाही. शिकवणे तेच, गुरुजीही तेच.