मोटारीची पायताणे

घरी मोटार असणे ही आता मिजाशीची बाब राहिलेली नाही. चार-पाच माणसांच्या कुटुंबाची साधी सेडान मोटार आज गावोगावी दिसते. पेट्रोलचा आणि विम्याचा हिशेब आपण नीट ठेवतो. टायरांची आठवण मात्र ते गुळगुळीत झाल्यावरच होते. मग दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "सगळ्यांत स्वस्त कोणता हो?" प्रश्न रास्त आहे. पण स्वस्त कशाला म्हणायचं, हे आधी ठरवायला हवं.

हजार-बाराशे किलोची मोटार रस्त्याला टेकते ती दर टायरच्या तळहाताएवढ्या भागावर. भर पावसात खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला, की घरची सारी माणसं या चार तळहातांच्या भरवशावर असतात. टायरच्या नक्षीतल्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला सारतात. नव्या टायरच्या खाचा साधारण ७-८ मिलिमीटर खोल असतात. त्या झिजून १.६ मिलिमीटर उरल्या, की टायरची मुदत संपली. खाचांच्या तळाशी रबराचे लहान आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे ती खूण समजावी. खरं तर आपल्याकडच्या पावसात इतकं थांबूच नये.

आता खरेदी. टायरच्या बाजूवर आकडे असतात. उदाहरणार्थ, मारुती डिझायरच्या वरच्या प्रकारांना '१८५/६५ आर १५' असा टायर येतो. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. आणि १५ इंचांची रिम. पुढे '८८ एच' असेल, तर एक टायर ५६० किलो भार पेलतो आणि ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. "एवढ्या वेगाने जातंय कोण?" असं म्हणून कमी क्षमतेचा टायर घेऊ नये. मोटारीच्या दारालगतच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात जे माप दिलं असेल, तेच घ्यावं.

यानंतर टायरचं वय पाहा. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. '३२२४' म्हणजे २०२४ सालचा ३२वा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं. म्हणून सवलतीत मिळणारा टायर तीन-चार वर्षांचा निघाला, तर ती सवलत नव्हे. आयएसआय चिन्हही पाहून घ्यावं. जुन्या बाजारात तर झिजलेल्या टायरवर नव्याने खाचा कोरून, काळा रंग फासून तो विकतात. त्याच्या वाटेला मुळीच जाऊ नये. कोरताना आतल्या थरांवरचं रबर पातळ होतं, आणि असा टायर भर वेगात दगा देतो.

किमतीचा हिशेब दर किलोमीटरला करावा. समजा, एक टायर ४,००० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा. दुसरा ५,२०० रुपयांचा आणि ५०,००० किलोमीटर चालणारा. पहिल्याचा खर्च किलोमीटरला १३ पैशांहून थोडा अधिक, तर दुसऱ्याचा साडेदहा पैशांच्या आत. महाग दिसणारा स्वस्त पडला! मात्र सर्वांत महागडा टायर घ्यायलाच हवा, असंही नाही. ताशी शंभरच्या आत चालणाऱ्या घरच्या मोटारीला नावाजलेल्या कारखान्याचा मध्यम किमतीचा टायर पुरतो.

चारही टायरांना एकदम पैसे नसतील, तर एकाच आसाची जोडी बदलावी आणि नवी जोडी मागे बसवावी. पुष्कळांना हे उलट वाटतं. पण पाण्यावर पुढची चाकं घसरली, तर ते स्टिअरिंगवर जाणवतं आणि वेग उतरवता येतो. मागची घसरली, की मोटार गर्रकन फिरते. ती सावरणं सराईताच्याही आवाक्यात राहत नाही.

राहिली निगा. ती फुकटात पडते. महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना हवा तपासावी. हवा कमी असली, की टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि उन्हाळ्यात फुटते. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली, असं समजावं. स्टेपनीलाही विसरू नये.

२०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम काढली. असा तपासनीस आपल्या दाराशी रोज येणार नाही. ते काम ज्याची मोटार त्यानेच, प्रवासाला निघण्यापूर्वी, खाली वाकून करायचं आहे. त्याला दोन मिनिटं पुरतात.