फ्युएल पंप घरी बदलायचाय? आधी नीट ऐका!

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती.

मागच्या महिन्यात बाबांची जुनी पेट्रोल हॅचबॅक सुरूच होईना. स्टार्टर मस्त फिरतोय, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन काही सुरू होत नाही. बाबा म्हणाले, "पंप गेला असणार, नवीन मागव." म्हटलं, थांबा, आधी खात्री करू.

पहिली टेस्ट फुकटची. हा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बसवलेला असतो. चावी 'ऑन'ला नेली, इंजिन सुरू केलं नाही, तरी मागच्या सीटकडून दोन-तीन सेकंद बारीक 'घूंऽऽ' ऐकू यायला हवं. आमच्या गाडीत एकदम शांतता!

मग फ्यूज बघितला, ठीक होता. पंपाचा रीले काढून त्याजागी हॉर्नचा लावला, कारण आमच्या गाडीत दोन्ही सारखेच आहेत. तरी आवाज नाही. शेवटी पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावला आणि बाबांना चावी फिरवायला सांगितली. १२ व्होल्ट येत होते. करंट पोचतोय, अर्थिंगही नीट आहे आणि पंप गप्प, म्हणजे पंपच गेलाय. व्होल्टेज आलंच नसतं, तर दोष वायरिंगमध्ये शोधावा लागला असता आणि नव्या पंपाचे पैसे पाण्यात गेले असते.

आता खरा धोक्याचा भाग. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते. त्यामुळे सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम अजिबात करायचं नाही. मोकळी जागा, टाकीत कमीत कमी पेट्रोल, जवळ पावडरचा अग्निशामक. सिगारेट नाही, कॉल नाही, मोबाइलचा टॉर्चसुद्धा नाही.

लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार प्रेशर असतं. पंप चालू असेल तर त्याचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. आमचा पंप बंदच होता, तरी प्रेशर उरलेलं असू शकतं, म्हणून पाइप काढताना जोडावर जाड फडकं धरलं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली.

पुढचं काम सरळ आहे. मागची सीट उचला, झाकण काढा, आजूबाजूची धूळ पुसून घ्या, नाहीतर ती टाकीत पडते. कनेक्टर आणि पाइप सोडवा. लॉक रिंग लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून फिरवा. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडू शकते. पंप तिरका करून काढा, कारण फ्लोटचा दांडा वाकला तर पेट्रोलचा काटा कायम चुकीचा दाखवेल. रबरी सील नवीनच घाला, जुनं परत वापरू नका.

सगळं जोडल्यावर दोन-तीन वेळा चावी फक्त 'ऑन' करा आणि गळती बघा. जोड कोरडा असेल तरच स्टार्ट मारा.

काही गाड्यांमध्ये सीटखाली झाकणच नसतं, पूर्ण टाकी उतरवावी लागते. तिथे हट्ट नको, सरळ गॅरेज गाठा.

आणि हो, रोज रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांनो, पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. पाव टाकी तरी भरलेली ठेवा. बाबांनाही तेच सांगितलंय, ऐकतात का बघू!

भेटू पुढच्या भागात.